सोबतीचा आवाज

"तू म्हणालीस थांबू या, म्हणून थांबलो गो. पण आता ह्यांचे पाय गार पडलेत. अजून किती वेळ थांबायचं?"

कुंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी आयसीयूबाहेरच्या बाकावर जेवणाचा डबा उघडत होते. आमचं शेवटचं बोलणं गणपतीत झालं होतं. कोण थांबलं, कुठे थांबलं, मला कशाचाच पत्ता लागेना.

"वहिनी, मी कधी म्हणाले?"

"सकाळी! माथ्याच्या नंबरवर फोन लावला तर तूच उचललास. मी म्हटलं, शलाका, तुझ्या दादाच्या छातीत कळ आलीय, वेळण्याच्या हॉस्पिटलात ठेवलंय, इथले डॉक्टर म्हणतायत वर माथ्याला न्या, आणू का? तू सगळं शांतपणे विचारून घेतलंस. मग म्हणालीस, आत्ता हलवणं सुरक्षित नाही, थांबू या. मला ताई म्हणालीस. जरा नवल वाटलं, पण म्हटलं असेल चार लोकांत."

कुंदावहिनी घरात आली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून मी तिला ताई कधीच म्हटलेलं नाही. आणि त्या सकाळी मी एका पेशंटजवळ उभी होते, माझा फोन कपाटात बंद होता. तरी तिच्याशी कोण बोललं ते मला तत्काळ उमगलं.

माथा म्हणजे आमचं हॉस्पिटल. नागझरी घाट चढून वर आलं की समोरच दिसतं, म्हणून खालचे लोक त्याला नुसतं 'माथा' म्हणतात. हृदयाची बंद नळी उघडायची, थकलेल्या हृदयाला यंत्राचा आधार द्यायचा, ही कामं या पट्ट्यात फक्त इथेच होतात. घाटाखालच्या गावांत लहान रुग्णालयं आहेत. तिथे माणसाला धरून ठेवता येतं, बरं करता येत नाही. मधे घाट. सगळा प्रश्न त्या घाटाचा.

अत्यवस्थ माणसाला नुसतं हलवणं हेच एक संकट असतं, हे बाहेरच्यांना पटत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना नळी निसटते, लिफ्टमध्ये पंप बंद पडतो. गाडीने ब्रेक मारला की अंगातलं रक्त डोक्याकडे धावतं, चढ लागला की पायांकडे उतरतं. तुमच्या-माझ्या नसा ते क्षणात सावरून घेतात. आजारी माणसाच्या नसांत ती ताकद उरलेली नसते. पूर्वी माथ्याच्या दारात पोचेपर्यंत गाडीतच गेलेली माणसं मी उतरवून घेतली आहेत. त्यांच्या नातेवाइकांना तोंड दिलं आहे.

त्यावर 'सोबती' आली. म्हटलं तर ते एक जाडजूड स्ट्रेचर, त्याला पंप, व्हेंटिलेटर आणि बारीक सेन्सर जोडलेले. खरी करामत तिच्या डोक्यात होती. पेशंटची नाडी, बीपी, हृदयाची सोनोग्राफी असं सगळं घेऊन ती त्याचं एक गणिती जुळं तयार करायची. घाटातलं प्रत्येक वळण आणि खड्डा तिला ठाऊक, कारण ये-जा करणाऱ्या ट्रकांची चाकं तिला रोज ती माहिती पुरवत. मग गाडी निघायच्या आधी ती त्या जुळ्याला हजारो वेळा घाट चढवायची. जुळं किती वेळा तगलं त्यावरून खऱ्या माणसाचा अंदाज यायचा. वाटेत वळण येण्याआधीच स्ट्रेचर कलायचं आणि औषधाचा वेग कमी-जास्त व्हायचा. रक्ताला दगा द्यायला सवडच मिळायची नाही.

ही सोबती दोघांनी घडवली. यंत्र अच्युत रांगणेकरचं, वैद्यक माझं. अच्युत आणि मी एकाच अँब्युलन्सवर नोकरीला लागलो होतो. बारा गावचं पाणी प्यालेला, बोलायला गोड, आणि पेशंट गेला की माझ्याआधी रडणारा. दादाच्या काजूच्या कारखान्यात बसून त्याने किती वेळा वहिनीच्या हातची सोलकढी ओरपली असेल, सांगता येणार नाही. माझा त्याच्यावर विश्वास होता असं म्हणणंही कमी आहे. त्याच्यावर विश्वास ठेवतेय हे वेगळं जाणवतही नव्हतं.

आता झोक्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

अँब्युलन्सवाल्यांत आमची एक रीत होती. पुस्तकात ती नाही. पेशंट स्ट्रेचरवर घेतला की लगेच गाडीत घालायचा नाही. स्ट्रेचर जागच्या जागी हळूच पुढे-मागे करायचं, मग पायाकडून उचलायचं, मग डोक्याकडून. याला आम्ही झोका देणं म्हणायचो. त्या वेळी कोणी बोलायचं नाही आणि एकाने नाडीवर बोटं ठेवायची. ज्याला झोका सोसत नाही त्याला घाट सोसणार नाही, असं जुने ड्रायव्हर म्हणत. ही बोटं बहुतेक वेळा माझी असायची. नाडी बुडाली की मी म्हणायची, "थांबू या." मग सलाइन वाढव, औषध बदल, नळी पुन्हा चिकटव, असं करून दुसरा झोका. कधी तिसरा. आणि मग निघायचंच. थांबू या म्हणजे अजून तयारी बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. खाली ठेवून परत आले असा पेशंट मला आठवत नाही.

सोबतीला शिकवताना काही वर्षं माझ्या मनगटावर पट्टा होता आणि गळ्यात माइक. माझी बोटं काय करतात, मी केव्हा काय बोलते, सगळं तिच्याकडे जात होतं. शिवाय गाडीत नर्सला आणि ड्रायव्हरला सूचना द्यायला माणसाचा आवाज हवा, म्हणून मी एक दुपार बसून वाक्यं वाचून दिली होती. 'डावं वळण येत आहे.' 'नळी तपासा.' असली वाक्यं. 'ताई' हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

डबा तिथेच टाकून मी नियंत्रण कक्षात गेले. अच्युत मोठ्या पडद्यासमोर उभा होता. मला बघून त्याने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"लोकांशी फोनवर माझा आवाज बोलतो?"

"सहा महिने झाले. तुला सांगणार होतो."

"सहा महिने तुला वेळ मिळाला नाही?"

"शलाका, नातेवाईक तुझ्या आवाजाला शांत होतात. आम्ही चार आवाज तपासले. तुझ्या आवाजात नाही म्हटलं तर भांडण होत नाही, लोक ऐकून घेतात."

माझ्या आवाजात नाही म्हटलं तर लोक ऐकून घेतात. हे वाक्य त्याने कौतुकाने म्हटलं होतं.

"दादा वेळण्याला आहे."

त्याने नजर पडद्याकडे वळवली. त्यावरूनच मला कळलं, तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून विचारलं, "सकाळी नाव बघितलं होतंस?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू धावत गेली असतीस. एकीच्या भावासाठी नियम वाकवायचा आणि बाकीच्यांना थांबा म्हणायचं? हे तुला चाललं असतं?"

मला चाललं असतं. खरं सांगते, त्या क्षणी अगदी आनंदाने चाललं असतं. पण मी त्याच्या हातातला टॅब हिसकावला आणि दादाचं सकाळचं जुळं उघडलं. शंभरातून ब्याऐंशी वेळा घाट पार. आमच्या अँब्युलन्सच्या दिवसांत यापेक्षा पुष्कळ वाईट पेशंट मी सुखरूप वर आणलेले होते.

"ब्याऐंशीला नाही म्हणायचं कुठे ठरलं होतं? आपण साठावर निघायचं ठरवलं होतं."

"आता नव्वद आहे. परवान्याचं नूतनीकरण प्रवासमृत्यूंवर ठरतं. गेल्या वर्षी शून्य, यंदाही शून्य. या शून्यामुळे इथल्या पाच मजल्यांना दिवे आहेत, शलाका."

"आणि खाली जे मरतात?"

"ते खालच्या रुग्णालयाच्या खात्यावर जातात. मी हा नियम केलेला नाही."

मी म्हटलं, "यंत्र माझ्याकडून शिकलंय ना? मग मी थांबू या म्हटल्यावर पुढे काय करत होते ते त्याला माहीत आहे. दुसरा झोका, तिसरा झोका. ते कुठे गेलं?"

अच्युतने चष्मा काढून पुसला. "ते घेतलं नाही."

"म्हणजे?"

"तू थांबू या म्हणालीस की नोंद तिथे बंद केली. पुढचं सगळं तुझ्या अंदाजाचं होतं. दर वेळी वेगळं. ते शिकवलं असतं तर यंत्रानेही अंदाज मारले असते आणि कधीतरी चुकलं असतं. थांबणं मात्र कधी चुकत नाही."

शत्रूने तलवार काढली तर माणूस सावध तरी होतो. हा केसाने गळा कापण्याचा प्रकार होता, आणि केसही माझाच. माझ्या आयुष्यभराच्या कामाला मधेच कात्री लावून त्याने त्यातून एक नकार बनवला, त्याला माझा आवाज चढवला आणि तो नकार माझ्याच घरी पाठवला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "आता तर तो पंचेचाळीसवर आलाय. आता नेणं म्हणजे मारणं आहे."

"न नेणं म्हणजे काय आहे?"

याचं उत्तर सोबतीकडे नव्हतं. न हलवलेल्या माणसाचं जुळं ती करतच नसे.

सोबती लावलेली एकही गाडी मला मिळणार नव्हती. त्यांची कुलपं तिच्याच हुकमाने उघडत. मागच्या आवारात शिकाऊ लोकांच्या सरावासाठी ठेवलेली जुनी अँब्युलन्स होती आणि तिच्यावर ड्रायव्हर घागमामा होते. आम्ही दोघांनी मिळून कितीतरी घाट केले होते. मी म्हटलं, "मामा, दादाला आणायचंय. वरून परवानगी नाही." त्यांनी विडी विझवली, चाकांची हवा लाथेने तपासली आणि गाडी सुरू केली.

वेळण्याच्या रुग्णालयात डॉक्टर यासीन परकार एकटेच आयसीयू सांभाळत होते. तरुण माणूस, पण डोळ्यांखाली काळं. मला पाहून त्यांचा चेहरा आधी सैल झाला आणि लगेच आवळला गेला.

"मॅडम, सकाळी ते बोलत होते. एका औषधावर बीपी टिकत होतं. मी स्वतः माथ्याला तीनदा विचारलं, आणि तीनही वेळा तुम्हीच नाही म्हणालात."

"ती मी नव्हते, डॉक्टर. तो यंत्राचा आवाज आहे."

"मला काय माहीत? मी तुमचाच समजून चाललो. म्हटलं, सख्खी बहीण थांबा म्हणते तर तिच्याकडे काही कारण असेल." त्यांनी हातातली फाइल खाटेवर टाकली. "आता तीन औषधं चालू आहेत. लघवी बंद झालीय. सकाळी तुमचा आवाज थांबा म्हणाला, आता तुम्ही चला म्हणता. मी कोणाचं ऐकू?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. सोबतीचा सल्ला डावलून पेशंट हलवला तर पाठवणारा डॉक्टर जबाबदार, असा नियम होता. त्यांनी मला हाकलून दिलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

दादाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आईवडील गेल्यावर यानेच मला वाढवलं. माझ्या वेण्या घालायला शिकला, आणि वाकड्या घालायचा. मला ओळखून त्याने मास्क थोडा बाजूला केला.

"आलीस? कुंदा घाबरली होती. मी तिला म्हटलं, शलाका थांब म्हणते ना, मग चिंता कसली. तिला यातलं कळतं."

त्याला तेव्हा खरं सांगायला हवं होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मास्क नीट बसवला आणि म्हटलं, "आता निघायचंय, दादा."

मी परकारांना बाजूला घेतलं. इथे ठेवला तर रात्र काढणार नाही हे त्यांनाही दिसत होतं. वर नळी उघडली, हृदयाला आधार दिला तर निदान एक दार उघडं होतं. परकारांनी खाटेवर टाकलेली फाइल पुन्हा उचलली. मग म्हणाले, "मी पण येतो. सही माझी असेल तर मी गाडीत असलेलं बरं."

आम्ही झोका दिला. सगळे गप्प. माझी बोटं दादाच्या मनगटावर. पायाकडून उचललं तशी नाडी थोडी भरली, डोक्याकडून उचललं आणि ती बोटांखालून निसटलीच. माझ्या तोंडून शब्द आले, "थांबू या." परकारांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. वहिनी दारात उभी होती. तिनेही ते ऐकलं.

मी औषधाचं प्रमाण बदललं, थोडं सलाइन दिलं, स्ट्रेचर पायाकडून किती चढवायचं ते ठरवलं. दुसरा झोका. नाडी बुडाली, पण परत आली. तिसरा. परत आली. इतकीच मिळणार होती. सकाळी यापेक्षा कितीतरी जास्त मिळाली असती. मी म्हटलं, "चला."

वहिनी पुढे घागमामांशेजारी बसली. मधली खिडकी उघडीच होती. घागमामांनी इतकी हळुवार गाडी माझ्या आठवणीत कधी चालवली नव्हती. वळणाआधी ते मोठ्याने सांगायचे, डावं, उजवं, आणि मी हाताने पंप वर-खाली करायची. यंत्र जे करतं तेच आम्ही तिघं मिळून करत होतो, जरा उशिराने. अर्धा घाट दादा चढला. एकदा त्याने डोळे उघडून बाहेरची झाडं पाहिली. ऊन उतरायला लागलं होतं.

खिंडीच्या आधीचा चढ लागला आणि त्याचं हृदय थरथरायला लागलं. शॉक दिला. परत आलं. पुन्हा थरथरलं. परकार छाती दाबत होते, मी औषधं देत होते, मग मी दाबत होते आणि ते देत होते. पुढून वहिनी एकसारखी विचारत होती, "काय झालं गो? शलाका, काय झालं?" मी तिला उत्तर दिलं नाही. माथ्याची पाटी दिसायला लागली तरी आम्ही छाती दाबत होतो, पण दादा गेला होता. ते माझ्या हातांना कळलं होतं.

अच्युत दारात उभा होता. त्याने टीम तयार ठेवली होती, ऑपरेशनची खोली सज्ज करून ठेवली होती, दादासाठीच. मला ते आजही सर्वांत जास्त लागतं. मनात खोट नसताना माणसाने इतका घात करावा! त्याने दादाच्या कपाळावर हात ठेवला आणि रडला. मी त्याला म्हटलं, "हात काढ."

संध्याकाळीच सोबतीने नोंद केली. प्रवासमृत्यू, एक. कारण, सल्ला डावलून हलवले. हलवणाऱ्या डॉक्टरांत माझं आणि परकारांचं नाव. नोंदीत एक अक्षर खोटं नव्हतं. सकाळी ब्याऐंशी होते ते तिने लिहिलं नाही, कारण सकाळी कोणी हललंच नव्हतं. यंत्राने त्यातून धडाही घेतला. दुसऱ्या दिवशी निघण्याची मर्यादा ब्याण्णववर गेली. माझ्या भावाच्या मरणाने ती अधिक शहाणी झाली होती.

मी राजीनामा दिला आणि तक्रार केली. परकारांची चौकशी सुरू झाली, त्यांना घरी बसवलं. चौकशी समितीतल्या बाई म्हणाल्या, नातेवाइकांचा जबाब हवा. सकाळीच आणायचं होतं, फोनवर तुमचा आवाज काढून थांबवण्यात आलं, एवढं तुमच्या वहिनीने सांगितलं तर प्रकरण उभं राहील. परकार सुटतील, माझा आवाज काढून घेतला जाईल, खालच्या गावांतले लोक पुन्हा वर यायला लागतील. मी दादाचं दिवसकार्य उरकल्यावर वहिनीकडे गेले.

ती ओसरीवर काजूच्या बिया निवडत होती. चांगली एकीकडे, किडकी एकीकडे. कारखाना बंद होता, पण हाताला काम हवं. मी तिला सगळं सांगितलं. जुळं, ब्याऐंशी, नव्वद, मधेच कापलेल्या नोंदी. तिने एकदाही मान वर केली नाही.

"वहिनी, तो आवाज माझा नव्हता."

"तुझाच होता. बोलताना मधे थांबून श्वास घेतेस तू, तसा घेतला होता."

"यंत्राने नक्कल केली माझी."

"असेल." तिने एक किडकी बी बाजूला टाकली. "तिने मला सांगितलं, हलवू नका, त्रास होईल. दिवसभर ह्यांना कोणी हात लावला नाही. माझ्याशी बोलले. दोन चमचे पेज घेतली. मग तू आलीस. उचललंस, हलवलंस, तूच थांबू या म्हणालीस, आणि तरी घेऊन निघालीस."

"सकाळी आणलं असतं तर दादा आज इथे बसला असता गं!"

"सकाळी तू कुठे होतीस?"

तिने सूप एकदा पाखडलं.

"मी फोन केला तेव्हा तिने उचलला, शलाका. दर तासाला उलटा फोन केला, कसे आहेत विचारायला. ती खरी नाही म्हणतेस. मग तू खरी, तर तू दुपारपर्यंत कुठे होतीस? मी जबाब देईन. पण मी हेच सांगेन, की तिचं ऐकलं असतं तर माझा माणूस घरच्या माणसांत गेला असता, गाडीत नाही."

मला ओरडायचं होतं. अच्युतने मला फसवलं ते मी सोसलं असतं, रागावर तरी जगता आलं असतं. पण या बाईच्या हातचं खाऊन मी मोठी झाले, आणि तिच्या मनातली माझी जागा कोणी दुसरीच बळकावून बसली होती. तिला तिथून उठवायचं कसं ते मला कळत नव्हतं. मी तिच्या पुढ्यातलं सूप ओढून बिया उगाच निवडायला लागले. तिने माझ्या हातातून सूप काढून घेतलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने पदराला हात पुसले, नाव पाहिलं आणि आत गेली. माजघरातून आवाज आला. माझाच, पण मी इतक्या मायेने कधी बोलत नाही.

"ताई, काल रात्री झोप लागली का?"

"नाही गो," वहिनी म्हणाली. एवढा वेळ माझ्याशी जो आवाज तिला काढता आला नव्हता, तो आता निघाला होता. "डोळा लागत नाही. एकसारखे हेच दिसतात. बोल ना जरा माझ्याशी."

मग तिने दार लोटून घेतलं.